आरोग्याची यादी

सभागृहात तीन टेबले ओळीने मांडली होती. पहिल्यावर वजन आणि उंची, दुसऱ्यावर रक्तदाब, तिसऱ्यावर बोटाला सुई टोचून रक्तातील साखर. जालन्यातील ज्या महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून पंचवीस वर्षे काम केले, तेथील कर्मचाऱ्यांसाठी भरवलेले ते आरोग्य शिबिर होते आणि आयोजक मीच होतो. आमच्या कार्यालयातील एक वरिष्ठ लिपिक रांगेत उभे होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बारीक अंगाचे, मितभाषी, पन्नाशी नुकतीच ओलांडलेले गृहस्थ. पहिल्या टेबलावर त्यांच्यात काही दोष निघाला नाही. वजन उंचीला साजेसे होते. दुसऱ्या टेबलावर रक्तदाब १७० वर १०४ भरला आणि तिसऱ्यावर साखर २९०. डॉक्टरांनी विचारले, "गोळी चालू आहे का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटले, चिठ्ठीची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी जवळ गेलो तेव्हा एवढेच म्हणाले, "सर, शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत आज संपतेय. साइट आत्ता कुठे चालू झालीय. मी निघतो." दहा मिनिटांत ते आपल्या संगणकासमोर परत बसले होते.

संध्याकाळी साहित्य आवरून मी फाटकाबाहेर पडत होतो. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक नुकताच कामावर आला होता. त्याने नमस्कार केला आणि विचारले, "सर, आमची तपासणी कधी हाय?" आमची म्हणजे त्याची, त्याच्या जोडीदाराची, झाडलोट करणाऱ्या तीन मावशींची आणि बागेत पाणी घालणाऱ्या मामांची. ही सारी माणसे ठेकेदारामार्फत आलेली. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू." तो "बरं सर" म्हणाला आणि खुर्ची उचलून आत ठेवायला गेला. घरी पोहोचेपर्यंत त्या दोन शब्दांनी माझी पाठ सोडली नाही. शिबिराची यादी मी पगारपत्रकावरून केली होती. पगारपत्रकात ज्यांची नावे नाहीत, त्यांना रक्त नाही आणि रक्तदाबही नाही, असा त्या यादीचा अर्थ होत होता. आणि तो अर्थ माझ्या हस्ताक्षरात लिहिलेला होता.

त्या दिवसानंतर मी माझ्या कामाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचे उपक्रम मी अनेक वर्षे निष्ठेने घेतले. २०१५ पासून २१ जूनचा योग दिवस. २०१९ च्या २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, 'फिट इंडिया' सुरू झाले, तेव्हापासून चालण्याच्या आणि धावण्याच्या स्पर्धा. आयुष मंत्रालयाने कार्यालयात कामाच्या ठिकाणी करावयाचा पाच मिनिटांचा योगाचा 'वाय-ब्रेक' आणला, तोही आम्ही काही महिने चालवला. आमचे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाची परिपत्रके येत, त्यानुसार कार्यक्रम होत, छायाचित्रे घेतली जात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी कोणत्या कल्याणकारी योजना आहेत, असा स्वतंत्र प्रश्न असे. त्या धारिकेत माझे अहवाल व्यवस्थित लावलेले असत. व्यायामावरील माझा विश्वास तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. ज्या जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला आणि बलोपासनेची परंपरा ज्यांच्या नावाने सांगितली जाते, त्या जिल्ह्यात शरीर कमावणे ही परकी कल्पना नव्हे. माझ्या मनात प्रश्न वेगळाच उभा राहिला होता. मी जे घडवत होतो ते कोणापर्यंत पोहोचत होते?

याच सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने स्वतःच्याच कर्मचाऱ्यांमध्ये केलेल्या एका प्रयोगाची माहिती माझ्या वाचनात आली. तो २०१६ मध्ये सुरू झाला. सुमारे पाच हजार कर्मचारी त्यात सामील झाले. सोडत काढावी त्याप्रमाणे काहींना आरोग्य कार्यक्रमात घेतले गेले, उरलेल्यांना घेतले गेले नाही. ज्यांना घेतले, त्यांच्यासाठी तपासण्या, वजन आणि ताण कमी करण्याचे वर्ग, त्यासाठी भरपगारी वेळ आणि वर रोख बक्षीसही होते. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांच्या वैद्यकीय खर्चात, सवयींत किंवा कामगिरीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि संस्थेला आपल्या आरोग्याची काळजी आहे अशी भावनाही वाढली. या दोन गोष्टी मी क्षुल्लक मानत नाही. मात्र मला अस्वस्थ करणारा निष्कर्ष निराळाच होता. कार्यक्रमात जे उत्साहाने आले, ते आधीपासूनच तुलनेने निरोगी होते. त्यांचा वैद्यकीय खर्च मुळातच कमी होता. केवळ आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली असती, तर कार्यक्रम अत्यंत यशस्वी भासला असता.

मी माझ्या २१ जूनच्या उपस्थितीपत्रकांवरून नजर फिरवली. सतरंजीवर पहिल्या रांगेत वर्षानुवर्षे तीच नावे. त्यातले बहुतेक रोज पहाटे मोतीबागेत फिरायला जाणारे. माझ्या योगवर्गामुळे त्यांचे आरोग्य चांगले होते असे मी समजत आलो. खरे पाहता त्यांचे आरोग्य चांगले होते म्हणून ते माझ्या वर्गात येत होते. ज्यांना यायला हवे होते, ते त्या वेळी काय करीत होते, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. एक जण अंबडहून पहिली एसटी पकडून येत होता. कोणी घरी नळाला पाणी आले म्हणून थांबलेली होती. आमच्या शहरात नळाचा दिवस चुकला तर पुढच्या पाळीपर्यंत अनेक दिवस वाट पाहावी लागते, हे येथील प्रत्येक गृहिणीला पाठ आहे. तासिका तत्त्वावरील एक तरुण प्राध्यापक दोन गावांतील दोन महाविद्यालयांत मोटारसायकलवरून शिकवत होता. त्याच्या पोटाचे दुखणे जेवणाच्या अनियमित वेळांतून आले होते, आणि त्यावर माझ्याजवळ पवनमुक्तासन होते.

कामाचा आणि शरीराचा संबंध शास्त्राने प्रथम नेमका कोठे पकडला, हे या संदर्भात आठवण्यासारखे आहे. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना 'लॅन्सेट'मध्ये मांडली. एकच गाडी, एकच मार्ग, समाजातला थरही साधारण एकच. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढणारा. हृदयविकार चालकांमध्ये अधिक आढळला. व्यायाम हृदयाचे रक्षण करतो, या आजच्या सर्वमान्य विधानाचा पाया अशा तऱ्हेने व्यायामशाळेत घातला गेला नाही, तो नोकरीत घातला गेला. वाहकाने वेगळा वेळ काढून काही केले नव्हते. त्याच्या कामानेच त्याला चालवले होते.

पण चालण्याने सगळे सुटत असते, तर आमचे शिपाई मामा सर्वांत निरोगी असायला हवे होते. टपाल, धारिका, परीक्षेचे गठ्ठे घेऊन ते दिवसभर जिने चढत-उतरत. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली ती निवृत्तीला दोन वर्षे असताना. याचे एक उत्तर त्याच लंडन शहरात मिळते. १९६७ पासून तेथील सुमारे १८ हजार पुरुष शासकीय कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. 'व्हाइटहॉल' या नावाने तो ओळखला जातो. १९७८ मध्ये मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील, म्हणजे निरोपे, द्वारपाल यांसारख्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही फरकाचा मोठा भाग उरत होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, ते कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याची मुभा किती, याचाही हृदयाशी संबंध असल्याचे त्यातून पुढे आले. द्वारपाल हा शब्द वाचताना मला आमच्या फाटकावरचा तो माणूस आठवला. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा खाडा, आणि खुर्चीवर बसावे की नाही हेसुद्धा कोणाच्या तरी मर्जीवर. ठरावीक मर्यादेपर्यंत, आज ती महिना २१ हजार रुपये आहे, वेतन असणाऱ्यांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे. ती ज्या आस्थापनांना लागू आहे तेथे वेतनातून अंशदानही कापले जाते. आपले कापले जाते की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मी विचारीपर्यंत त्याला ते कोणी विचारलेही नव्हते.

भाऊसाहेबांकडे परत येतो. शिबिरानंतर आठवड्याने मी त्यांना आग्रहाने चहाला नेले. औषध सुरू केले होते, पण पथ्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "सर, मी कधी जाड झालो नाही. गोड खात नाही. मला कशी होईल साखर?" त्यांच्या प्रश्नात तक्रार नव्हती, खरेच कुतूहल होते. पुढे म्हणाले, "माझा जन्म दुष्काळातला. आई तेव्हा खडी फोडायला जायची." १९७२ च्या दुष्काळाबद्दल मराठवाड्यात कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. त्या कामांवर अनेक गरोदर स्त्रिया होत्या. पोटात बाळ आणि डोक्यावर पाटी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले आयुष्य ज्या प्रश्नाला वाहिले, तो भाऊसाहेबांनी विचारला तोच आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा त्यांनी अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन. आपले बाळ स्नायूंनी आणि अवयवांनी लहान, पण चरबी मात्र त्याने त्या मानाने राखून ठेवलेली. वरून कृश आणि आतून मेद असणारे हे शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. माझ्या शिबिराच्या पहिल्या टेबलावर भाऊसाहेब निर्दोष ठरले, ते याच आकड्याच्या आधारावर. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत जे गर्भात होते, त्यांच्यात मध्यम वयात साखर पचवण्याची क्षमता घटलेली आढळली, असेही १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. एका विशिष्ट माणसाच्या आजाराचे कारण यावरून सांगता येत नाही आणि तसे सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा २०२३ मधील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या पाहणीचा अंदाज वाचताना, आपण कर्मचाऱ्याला त्याच्या ताटावरून आणि पोटावरून बोल लावण्याची घाई करतो, ती मला आता अनुचित वाटते. त्याच्या शरीरात त्याच्या आईचा दुष्काळ असू शकतो. आपण त्याला केवळ आळशी समजत असतो.

मी हे सारे भाऊसाहेबांना माझ्या परीने समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझी चूक नाही." मी म्हणालो, "चूक नाही, पण काळजी तुम्हालाच घ्यायची आहे." त्यानंतर त्यांनी पथ्य मनावर घेतले. अपराधभावाने जे साधले नाही ते समजुतीने साधले, हा माझ्यापुरता मोठा धडा होता.

आणखी एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे होती आणि मी ती पाहिली नाही. कार्यालयाच्या भिंतीवर मी एक फलक लावला होता: भरपूर पाणी प्या. ग्रंथालयातील एका सहायक ताईंना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास वरचेवर होई. एकदा माझ्या पत्नीशी बोलताना त्या म्हणाल्या, "मी कॉलेजात पाणीच पीत नाही हो. सकाळी घरी पिऊन येते ते संध्याकाळी." स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती आणि मार्चनंतर तेथे पाणी नसे. आमच्या इमारतीतल्या साऱ्या स्त्रिया, प्राध्यापिकांपासून झाडलोटीच्या मावशींपर्यंत, दिवसभर तहान मारून काम करीत होत्या. उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. घाणेवाडीच्या निजामकालीन तलावावर वाढलेल्या या शहराने २०१२-१३ चा दुष्काळ टँकरवर काढला आहे. पाण्याची ओढाताण येथे कोणाला नवी नाही. तरीही एक कडी आणि एक पाण्याची टाकी ही दुष्काळाच्या नावावर घालण्याजोगी बाब नव्हती. माझ्या शिबिरांच्या मंडपाचा खर्च त्याहून अधिक होत असे. तो फलक मी दुसऱ्या दिवशी काढला आणि कडी बसल्यानंतर, टाकीची जोडणी झाल्यानंतर, परत लावला.

कर्तव्याचा विचार करताना आपण सहसा कर्मचाऱ्याच्या कर्तव्याचा करतो. त्याने वेळेवर यावे, मुदती पाळाव्यात आणि आता त्यात भर म्हणून निरोगीही राहावे. आरोग्याचे आवाहन कर्मचाऱ्याच्या इच्छाशक्तीला केले जाते; त्याचा दिवस ज्यांनी आखला आहे, त्यांच्याकडे बोट वळत नाही. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रात्री उशिरा चालू होणार असेल, तर भाऊसाहेबांचे जेवण त्या रात्री अकराला होणार. त्यांनी वेळेवर जेवावे, असे त्यांना सांगणे आणि त्या खुर्चीवर एक माणूस जादा देणे, यांतील पहिले काम सोपे व बिनखर्ची असते. मी पंचवीस वर्षे मुख्यतः पहिलेच करत आलो. रिक्त पदे भरणे माझ्या हातात नव्हते. पण यादी करणे माझ्या हातात होते, वेळ ठरवणे होते, तुटक्या कडीबद्दल दोन ओळींचे पत्र देणेही होते.

सेवेची अखेरची वर्षे मी त्या मर्यादेत घालवली. पुढच्या शिबिराची यादी पगारपत्रकावरून केली नाही. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने केली. ठेकेदाराची माणसे कामाच्या वेळेत तपासणीला आली तर खाडा धरू नये, एवढे प्राचार्यांनी त्याच्याकडून मान्य करून घेतले. तासिका तत्त्वावरचे सारे आले. रात्रपाळीच्या रक्षकाची तपासणी सकाळी सातला, त्याची पाळी सुटताना केली. रक्तदाब वाढलेला निघाला. त्याने चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि औषध रोज घ्यायचे की दुखले तेव्हा, असे विचारले. योगवर्ग सकाळी सहाऐवजी दुपारच्या सुट्टीला जोडून वीस मिनिटांचा केला. संख्या कमी झाली, पण पहिल्या रांगेत दोन नवी माणसे दिसली. दुपारी चार ते सव्वाचार कार्यालयाची खिडकी बंद ठेवावी आणि सर्वांनी उठून आवारात चालून यावे, असेही ठरले. खिडकीवर तशी पाटी लागली.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, एका दुपारी चारच्या सुमारास मी व्हरांड्यात उभा होतो. पाटी लागलेली, खिडकी बंद. बाहेर मंठ्याकडची एक विद्यार्थिनी अर्ज हातात घेऊन उभी होती. तिची गाडी साडेचारची. ती चुकली तर घरी पोहोचेपर्यंत अंधार पडणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मी काही बोलावे की बोलू नये, या विचारात होतो. पाटी माझ्याच आग्रहाने लागली होती. तेवढ्यात दार उघडून भाऊसाहेब बाहेर आले. त्यांनी तिचा अर्ज पाहिला, खिशातले पेन काढून दोन ठिकाणी खुणा केल्या, येथे सही कर म्हणाले आणि अर्ज स्वतःकडे घेतला. मग घड्याळाकडे पाहून, कोणती कागदपत्रे उद्या आणायची ते सांगत सांगत, तिच्याबरोबर आवारातून फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथून वळून, हात मागे बांधून, मैदानाच्या कडेने हळूहळू परत आले.